मिलफर्ड साउंडला पावसात एका दिवसाची टूर करावी का?

न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनला तीन दिवस आहात, सोबत आई-बाबा, मिलफर्डला स्वतः गाडी चालवत जायचं की छोट्या ग्रुपची टूर घ्यायची आणि त्या दिवशी पाऊस दाखवतोय तर कॅन्सल करायचं का, असं विचारलंय तुम्ही. पावसासाठी कॅन्सल अजिबात करू नका. आणि एकाच दिवसात जाऊन यायचं असेल तर गाडी चालवू नका, टूर घ्या.

मी मार्चमध्ये याच घोळात होतो. तिकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात त्यामुळे मला वाटलेलं त्यात काय मोठं, पण एका बाजूचं अंतर २९० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चार तास जायला चार यायला, वाटेतल्या टे आनाऊ गावाच्या पुढे बऱ्याच रस्त्याला मोबाइलला रेंज नाही, पेट्रोल तिथेच भरून घ्यायचं, आणि जो चालवणार त्याला डोंगर बघायला मिळत नाहीत. शेवटी बारा सीटची बस घेतली. मोठ्या बसपेक्षा महाग पडते पण फरक कळतो तो थांब्यावर, चाळीस माणसं वॉशरूमला जाऊन परत येईस्तोवर अर्धा तास जातो, आम्ही दहा मिनिटांत बसमध्ये. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून ड्रायव्हरने त्यांना पुढची सीट दिली, मग टे आनाऊपर्यंत बाबांनी त्याला एसटी घाटात कशी चालवतात ते समजावून सांगितलं. इंग्लिशमध्ये, हातवारे करून.

तर सकाळी सातला निघालो, पाऊस. एग्लिंटन व्हॅलीत पाऊस. मिरर लेक्सला आरसाबिरसा काही नाही, नुसते थेंब. आईचं तोंड उतरलेलं, एवढे पैसे घालून धुकं बघायला आलो असं दोनदा म्हणून झालं.

मग होमर टनेल आला. १.२ किलोमीटरचा आहे, १९३५ ला खोदायला घेतला आणि गाड्यांसाठी उघडला थेट १९५४ ला. बोगद्याच्या अलीकडच्या तोंडाशी सिग्नलला थांबलो तिथे किया म्हणून हिरवे पोपट असतात, त्यातल्या एकाने पुढच्या गाडीच्या दाराचं रबर चोचीने उपसायला घेतलेलं आणि आतली बाई काचेवर टकटक करतेय, तो ढिम्म (त्यांना खायला घालू नका). आत भिंती ओबडधोबड, उतार चांगलाच जाणवतो. आणि पलीकडे बाहेर पडलो तर बसमधलं कोणी बोलेचना. समोरच्या उभ्या कड्यावरून इतके धबधबे की मोजायचा प्रश्नच नाही. खडक कडक, वर माती जेमतेम, त्यामुळे पडेल ते पाणी सरळ खाली येतं, आणि पाऊस थांबला की काही तासांत गायब. बारमाही मोठे धबधबे दोनच, बोवेन आणि स्टर्लिंग. वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोडीचा, फक्त तो चार महिन्यांत उरकत नाही, वर्षभर चालू.

नाव साउंड (म्हणजे नदीच्या दरीत समुद्र घुसलेला) असलं तरी हा खरा फियॉर्ड, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्र घुसलाय. क्रूझ पावणेदोन तासांची होती, टास्मन समुद्राच्या तोंडापर्यंत जाऊन वळते. ते तोंड बाहेरून इतकं अरुंद दिसतं की कॅप्टन कुक आत न शिरताच पुढे गेला होता. वळताना बोट हलते, उलटीचा त्रास असेल तर गोळी आधीच घ्या. येताना दगडावर सील लोळत होते. मग बोट स्टर्लिंगच्या अगदी खाली नेली, दीडशे मीटरवरून पडणारं पाणी, सगळे आत पळाले आणि बाबा माकडटोपी घालून पुढे उभे! चष्म्यावरून पाणी गळतंय आणि हसतायत. मायटर पीक, म्हणजे तिथला प्रसिद्ध डोंगर, मात्र आम्हाला कमरेपर्यंतच दिसला, वर ढग. पोस्टकार्डवाला फोटो हवा असेल तर तो पावसात मिळणार नाही हे खरंय.

पण पाऊस वेगळा आणि रस्ता बंद वेगळा. हिवाळ्यात हिमकडे कोसळायचा धोका असला की रस्ता बंद ठेवतात, फार मुसळधार असेल तरीही, त्यामुळे रस्ता बंद झाला तर पैसे परत का हे बुकिंग करतानाच विचारा. तीन दिवसांतला एक टे आनाऊला मुक्कामी काढता आला तर मग गाडीने जा खुशाल, तिथून १२० किलोमीटरच आहे.

छत्री नेऊ नका, वाऱ्यात टिकत नाही. रेनकोट, आणि सँडफ्लायसाठी (चावणाऱ्या बारीक माश्या) तिथलंच औषध घ्या, आईने घरून नेलेलं डासांचं क्रीम फासलं, त्यांना काही फरक पडला नाही, पुण्यात आल्यावरही आठवडाभर घोटे खाजवत होती. आणि मोजे दोन जोड.