सॉलिडवर्क्स, कॅटियाचे ऑनलाइन कोर्स करून खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, राहता लातूरला, पुण्यात येऊन क्लास लावायचा म्हटलं तर फी, रूम, मेस सगळं मिळून झेपत नाही, आणि एका ऑनलाइन क्लासवाल्यांनी सॉलिडवर्क्स, कॅटिया, एनएक्स ही थ्रीडी डिझाइनची आणि ॲन्सिस हे पार्टची ताकद तपासायचं, अशी चारही सॉफ्टवेअर मिळून ४५ हजारांचं 'मास्टर' पॅकेज सांगितलंय, तर घ्यावं का.

ते पॅकेज नका घेऊ. ऑनलाइन शिका मात्र जरूर.

मी भोसरीत एसपीएम (एकाच खास कामासाठीची मशिनं) आणि फिक्स्चर (काम करताना पार्ट पकडून ठेवणारी साधनं) बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनला आहे, फ्रेशर घ्यायचे असले की प्रॅक्टिकल टेस्ट माझ्याकडेच असते, त्यामुळे ऑनलाइन शिकलेले, क्लास लावलेले, दोन्ही प्रकारचे बरेच पाहिलेत. कमांड शिकायला क्लासपेक्षा व्हिडिओच बरा म्हणेन मी, कारण समजलं नाही तर मागे घेऊन परत बघता येतं, क्लासमध्ये सर पुढे निघून गेलेले असतात. आणि एक्सट्रूड, रिव्हॉल्व्ह, स्वीप, लॉफ्ट, शेल या कमांड सगळीकडे त्याच, एक सॉफ्टवेअर नीट आलं की दुसऱ्यात फक्त बटणं कुठे आहेत ते शोधायचं असतं. म्हणून चार सॉफ्टवेअरचे पैसे एकदम भरणं मला पटत नाही. चाकणच्या गाड्यांच्या आणि त्यांच्या सप्लायर कंपन्यांत जायचं असेल तर कॅटिया किंवा एनएक्स धरा, एसपीएम, फिक्स्चर, छोटी मशिनरी असेल तर सॉलिडवर्क्स, आणि एकच धरा. युडेमीसारख्या साइटवर सेल लागला की चार-पाचशेत चांगला कोर्स मिळतो, यूट्यूबवर तर फुकट आहे, आणि मशीन डिझाइन, मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसची थिअरी कच्ची असेल तर आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएलची लेक्चर्स फुकट बघता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच फी.

आता हे कोर्स कुठे कमी पडतात ते सांगते. टेस्टमध्ये मी एक साधा ब्रॅकेट देते, कागदावरचं ड्रॉइंग. तो बहुतेक सगळे काढतात, काही जण तर माझ्यापेक्षा फास्ट. मग मी म्हणते की ही ६० ची उंची ७५ कर आणि तो होल १० एमएम आत घे. इथे अर्ध्या लोकांची फीचर ट्री (मॉडेलच्या पायऱ्यांची यादी) एररने लालेलाल होते. कारण स्केच निळंच ठेवलेलं असतं, म्हणजे पूर्ण डिफाइन नाही, नाहीतर होलचं माप एखाद्या फिलेटच्या (गोल केलेल्या कोपऱ्याच्या) कडेवरून घेतलेलं असतं, फिलेट बदलली की होलचा आधारच गेला. व्हिडिओत बघून बघून क्लिक केलेलं असतं ना, त्यात सर हाच प्लेन का घेतायत, माप इथूनच का देतायत, हे कोणी सांगितलेलंच नसतं. आणि आमच्या धंद्यात नवीन मॉडेल काढण्यापेक्षा आहे ते बदलण्याचंच काम जास्त, कस्टमर तीनदा तरी बदल सांगतो. याची प्रॅक्टिस करायची तर सॉलिडवर्क्सवाल्यांची मॉडेल मेनिया म्हणून स्पर्धा असते, तिचे जुने पेपर नेटवर फुकट मिळतात, पहिल्या भागात मॉडेल काढायचं आणि दुसऱ्या भागात त्यातच बदल करायचे. ते सोडवा, सॉफ्टवेअर कुठलंही असो.

दुसरी अडचण ड्रॉइंगची. शॉप फ्लोअरला थ्रीडी मॉडेल जात नाही हो, ड्रॉइंग जातं (लेझर कटिंगवाल्याला डीएक्सएफ, म्हणजे कापायच्या आकाराची फाइल जाते, पण सोबत ड्रॉइंग लागतंच). बरेच गाजलेले इंग्रजी कोर्स अमेरिकेतले आहेत, त्यात थर्ड अँगल आणि इंचात मापं. आपल्याकडे फर्स्ट अँगल, म्हणजे पार्टचे व्ह्यू कागदावर मांडायची बाजू उलटी. टेम्प्लेट न बदलता तसंच ड्रॉइंग दिलं आणि समोरच्याने सिम्बॉल न बघता सवयीने वाचलं, तर उजव्या हाताचा पार्ट डावा होऊन येऊ शकतो. मग टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते. फ्रेशर लोकांना एच७ हा काटेकोर टॉलरन्स फार आवडतो, दिसेल त्या होलला एच७. २० च्या होलला एच७ म्हणजे अधिक ०.०२१ आणि उणे शून्य, त्याला रीमर नाहीतर बोरिंग करावं लागणार, गेज लागणार. डॉवेल पिनला (पार्ट नेमक्या जागी बसवणाऱ्या पिनला) ते हवंच, पण बोल्ट जायच्या क्लिअरन्स होलला कशाला? बाकीच्या मापांना आयएसओ २७६८ मीडियम हा साधा टॉलरन्स लिहिला तर ३० ते १२० एमएमच्या मापाला ०.३ इकडे-तिकडे चालतं आणि पार्टही स्वस्तात होतो. हे सॉफ्टवेअर तुम्हाला सांगत नाही, ते काहीही टाइप करून देतं.

शीट मेटलचं तर विचारूच नका. सॉलिडवर्क्समध्ये के-फॅक्टर (बेंडमध्ये शीटची लांबी किती धरायची ते ठरवणारा आकडा) मुळात ०.५ येतो, कोर्सवाले तोच ठेवून फ्लॅट पॅटर्न (बेंड करण्याआधीचा सपाट आकार) काढून दाखवतात आणि व्हिडिओ संपतो. समजा २ एमएम शीट, आतली रेडियस २, ९० डिग्रीचा बेंड. ०.५ ने बेंड अलाउन्स (बेंडमध्ये जाणारी लांबी) ४.७१ येतो, ०.४ ने ४.४०. एका बेंडला ०.३१ चा फरक, चार बेंडचा बॉक्स असेल तर सव्वा एमएम, आणि मग झाकण बसत नाही. खरा आकडा बेंडिंगवाल्याकडे असतो, कारण तो कुठली व्ही-डाय (बेंडिंगचा साचा) लावतो त्यावर आतली रेडियस ठरते. त्याला फोन करून विचारायचं असतं हेच मुळात पोरांना माहीत नसतं.

म्हणून माझं म्हणणं असं की व्हिडिओला चार-पाचशेच्या वर पैसे देऊ नका, पैसे द्यायचेच असतील तर तुमच्या ड्रॉइंगवर लाल पेन चालवणाऱ्याला द्या. त्या पॅकेजवाल्यांना सरळ विचारा की माझी ड्रॉइंग कोण तपासणार, त्याने स्वतः कंपनीत डिझाइनला काम केलंय का, मार्कअप करून परत देणार का, किती जणांची बॅच आहे. सगळं रेकॉर्डेड आणि शंका व्हॉट्सॲप ग्रुपवर, असं उत्तर आलं तर कळलंच. अजून एक, प्रॅक्टिससाठी सॉफ्टवेअर कुठून आणायचं तेही विचारा. तुम्ही पास आउट, त्यामुळे सॉलिडवर्क्स, कॅटियाचं स्टुडंट लायसन्स लागू होत नाही, आणि क्रॅकची लिंक पाठवणारे क्लास मी ऐकून आहे, त्यांच्यापासून लांबच. अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरपैकी फ्यूजनचं पर्सनल व्हर्जन फुकट आहे, एका वेळी १० फायलीच एडिट करता येतात पण शिकायला पुरे, ऑनशेप फुकटात ब्राउझरमध्ये चालतं फक्त तुमच्या फायली सगळ्यांना दिसतात, आणि फ्रीकॅडचं १.० व्हर्जन २०२४ च्या नोव्हेंबरात आलं, आधीपेक्षा पुष्कळ सुधारलंय.

सर्टिफिकेटबद्दल. क्लासच्या हजेरीच्या सर्टिफिकेटकडे मी तरी बघत नाही. सीएसडब्ल्यूए, सीएसडब्ल्यूपी या सॉलिडवर्क्सवाल्यांच्या परीक्षांचं वेगळं, त्यात मॉडेल काढून त्याचं वजन विचारतात, मग मापं बदलून परत वजन, त्यामुळे निदान हात चालतो हे कळतं. प्लेसमेंट असिस्टन्स म्हणजे बऱ्याचदा जॉब पोर्टलच्याच लिंक पुढे ढकललेल्या असतात. ॲन्सिस सध्या बाजूला ठेवा. शिकायचंच तर त्याचं स्टुडंट व्हर्जन फुकट मिळतं, पण आधी साध्या कॅन्टिलिव्हरचं (एका टोकाला पक्क्या धरलेल्या बीमचं) डिफ्लेक्शन पीएल क्यूब बाय ३ईआय या सूत्राने हाताने काढा आणि मग सॉफ्टवेअरशी जुळतंय का बघा, नाहीतर नुसती रंगीत चित्रं.

घर सोडून शिकायची तयारी झालीच तर छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम बघून या, सरकारी आहे, तिथे कॅडसोबत मशीनही आहेत.

आणि तोवर लातूर सोडायची गरज नाही. तुमच्याकडे डाळ मिलं, ऑइल मिलं कमी नाहीत. एखाद्या मिलमध्ये ओळख काढा, व्हर्निअर घेऊन जा, बेल्ट पुली, प्लमर ब्लॉक, गार्ड, मोटरची बेस प्लेट मोजा, मॉडेल करा, ड्रॉइंग काढा आणि एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरला नाहीतर टर्नरला दाखवून विचारा की यावरून पार्ट होईल का. तो जे काय बोलेल ते फुकटातलं मार्कअप समजा, आणि कधी कधी क्लासच्या सरांपेक्षा बरं असतं. अशी पाच-सहा सुधारलेली ड्रॉइंग पीडीएफ करून रेझ्युमेला जोडली तर मी तरी तुम्हाला टेस्टला नक्की बोलवेन.

लॅपटॉपचंही विचारलंय तुम्ही. सॉलिडवर्क्सला विंडोज लागतं, रॅम १६ असली तर बरं, ऑनशेपला यातलं काहीच नको. माऊस मात्र वेगळा घ्याच, चाकवाला, टचपॅडवर मॉडेल फिरवत बसलात तर दोन दिवसांत कंटाळून सोडून द्याल.