टेबल सॉ घ्यायचाय? आधी पात्याच्या मागे बघा

मागच्या वेळी हातकरवतीला धार कशी लावायची ते लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली, त्यांत धारेबद्दल एकच होतं. बाकी सगळ्यांना टेबल सॉ घ्यायचाय, म्हणजे टेबलाच्या फटीतून गोल फिरतं पातं वर आलेलं करवत-यंत्र. ठीक आहे, यावेळी तेच. आधी पत्र, खाली माझं उत्तर.

मी निवृत्त शिक्षक, गोडोली, सातारा येथे राहतो. नातवंडांसाठी पाट, स्टुलं, जमलं तर एखादं कपाट करायची हौस आहे. मुलगा अमेरिकेत असतो. बोट लागताच थांबणारा टेबल सॉ तिथून पाठवतो म्हणतो. इथला दुकानदार दहा इंची साधा टेबल सॉ ४५ हजारांना सांगतोय. काय करू? आणि बाकी कंपन्या असं मशीन का काढत नाहीत?

सर, मुलगा म्हणतोय ते मशीन म्हणजे सॉस्टॉप. स्टीव्ह गॅस हे भौतिकशास्त्र शिकलेले पेटंट वकील. त्यांनी १९९९ मध्ये ही कल्पना काढली आणि २००४ पासून मशीनं विकायला आली. पात्यात एक बारीक विद्युत संकेत सोडलेला असतो. वाळल्या लाकडानं त्याला काही होत नाही. माणसाचं अंग मात्र वीजवाहक, त्यामुळे बोट टेकलं की संकेत पडतो. तेवढ्यावर एक बारीक तार जळते, तिनं अडवून धरलेली स्प्रिंग सुटते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा थेट दातांत घुसतो. ५ मिलिसेकंदांच्या आत पातं थांबतं आणि टेबलाखाली बुडतं.

हे किती झटपट झालं, याचा हिशेब तुम्हाला आवडेल. दहा इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर दाताचा वेग तासाला १९० किलोमीटरच्या आसपास जातो. तुम्ही लाकूड सेकंदाला १० सेंटिमीटर अशा चालीनं सरकवत असाल, तर ५ मिलिसेकंदांत हात जातो अर्धा मिलिमीटर. ओरखड्यावर भागतं. पण हात घसरून सेकंदाला एक मीटर वेगानं आत गेला, तर तेवढ्याच वेळात ५ मिलिमीटर. बोट राहील, टाके पडतील. तरीही वस्तू अस्सल आहे, त्यात वाद नाही.

माझा आक्षेप दुसराच. एकदा ब्रेक पडला की तो ठोकळ्याचा कार्ट्रिज आणि पातं, दोन्ही बाद. नवा कार्ट्रिज गोडोलीच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणार नाही, मुलाच्या पुढच्या फेरीची वाट बघावी लागेल. शिवाय ओलं लाकूड त्याला बोटासारखं वाटू शकतं. श्रावणात वखारीतून आणलेली आंब्याची फळी आपल्याकडे कशी असते ते मी सांगायला नको. त्यासाठी ब्रेक तात्पुरता बंद ठेवायची सोय मशीनमध्ये आहे, पण मग एवढे पैसे कशाला घातले? आणि अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टचं, लहानातलं घेतलं तरी वजन तीसेक किलो. वर जाडजूड ट्रान्सफॉर्मर आला. बिघडलं तर इथे हात लावायला कुणी नाही. आणायचंच असेल तर युरोपात विकलं जाणारं २३० व्होल्टचं बघा. बाकी कंपन्या असं का करत नाहीत, हेही तुम्ही विचारलंय. बॉशनं केलं होतं, रीॲक्स नावानं. त्यात पातं खराब न होता खाली जायचं. पेटंटच्या भांडणात २०१७ मध्ये अमेरिकेत त्याच्या आयातीवर बंदी आली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हा सेन्सर जागा होतो तो बोट पात्याला लागल्यावर. टेबल सॉवर त्याआधीच घोटाळा होतो. लाकूड उलटं येतं, म्हणजे किकबॅक. पात्याचे पुढचे दात लाकूड खाली दाबतात, मागचे दात टेबलातून वर येत असतात. कापलेली चीर मागे मिटली, किंवा फळी तिरकी होऊन मागच्या दातांवर चढली, की तेच दात तिला उचलून तुमच्याकडे भिरकावतात. माझ्या शेडच्या पत्र्याच्या दाराला कमरेच्या उंचीवर एक पोचा आहे. बाभळीचा हातभर तुकडा होता. मी नेहमीप्रमाणे पात्याच्या डाव्या बाजूला उभा होतो म्हणून दारावर भागलं. नवीन पोरगा कामाला आला की मी पहिल्या दिवशी त्याला तो पोचा बोटानं चाचपायला लावतो.

यावर उपाय म्हणजे पात्याच्या लगेच मागे उभी असणारी पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ. ती चीर मिटू देत नाही आणि फळीला मागच्या दातांवर येऊ देत नाही. दुकानात गेलात की आधी हीच बघा. पातं वर-खाली केलं, तिरकं केलं, तर पट्टी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. एका जागी ठोकलेली असेल तर ती जुन्या पद्धतीची, अर्ध्या कामाची. जाडी मोजायचं व्हर्निअर खिशात घालून जा. पट्टी पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या रुंदीपेक्षा बारीक हवी. उदाहरणार्थ पत्रा १.८ मिलिमीटर, दात २.८, तर पट्टी २.२ ते २.५. पुढे स्वस्तातलं बारीक पातं आणून लावलंत तर हा हिशेब बिघडतो आणि फळी पट्टीवर अडते. मग लोक पट्टीच काढून टाकतात.

दुसरं, पात्यावरचं झाकण. दुकानदाराला सांगा, काढा आणि परत बसवा. पाना न लागता अर्ध्या मिनिटात बसलं तर ते घरी गेल्यावरही मशीनवर राहील. त्याला स्वतःलाच पाच मिनिटं लागली, तर समजा महिन्याभरात ते माळ्यावर जाणार. कागदावर सगळ्याच मशीनांना झाकण असतं, कारखान्यांत जाऊन बघा किती जागेवर दिसतात. तिसरं, फेन्स, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरकवायचं ती पात्याला समांतर असणारी सरळ कड. पात्याच्या पुढच्या एका दातावर पेन्सिलनं खूण करा, फेन्सपर्यंतचं अंतर मोजा. तोच दात फिरवून मागे न्या, पुन्हा मोजा. मागचं अंतर कमी भरलं तर फेन्स लाकडाला पात्यावर चेपणार. ते नीट करून देत असेल तरच घ्या.

या तिन्हींत पास झाला तर ४५ हजारांचा तो टेबल सॉ घ्या. मुलाला म्हणावं, येताना चांगलं ४० दातांचं पातं आण. आणि न विचारलेलं एक सांगतो: वर्षाला दोन पाट आणि एक स्टूल एवढंच करणार असाल तर फळ्या वखारीतूनच चिरून आणा. मिरजेत सतार-तंबोरा घडवणारी मंडळी आजही पटाशी आणि कानशीवर काम काढतात. त्यांचं काही अडलेलं नाही.

तासगावहून लिहितोय. व्हिडिओ बघून मार्बल कटर प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवलाय, चार इंची लाकडाचं पातं. खर्च अडीच हजार. कटरचं बटण टेपनं दाबून ठेवलं आणि बाहेर बोर्डावर स्विच दिलाय. मस्त चालतं. याला सेफ्टी काय लावता येईल?

टेप सोडवता येईल.

चिडू नकोस, पण तुझं हे यंत्र दहा इंचीपेक्षा लहान आहे म्हणून कमी धोक्याचं, असं मनात असेल तर ते आधी काढ. मार्बल कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो. ११० मिलिमीटरचं पातं धरलं तर दाताचा वेग सेकंदाला ६९ मीटर होतो. गोडोलीच्या सरांच्या मशीनचा ५३. त्यात मागे पट्टी नाही, वर झाकण नाही, प्लायमध्ये घातलेले चार स्क्रू थरथरीनं सैल होणार, आणि तोंड वर असल्यामुळे भुसा सरळ मोटरच्या जाळीत. तुझ्या पात्यावर कमाल फेरे छापलेले असतील. ते कटरच्या फेऱ्यांपेक्षा कमी असतील तर आजच उतरव.

पैसे नसतात, हे मला कळतं. मीही याच वाटेनं आलोय. पण त्याच पैशांत थोडी भर घालून सात इंची हातातली सर्क्युलर सॉ घे, जिचं खालचं झाकण आपोआप मिटतं. प्लाय जमिनीवर थर्मोकोलच्या जाड शीटवर आडवा टाक, वर सरळ ॲल्युमिनियमची पट्टी दोन शिकंजांनी आवळ आणि तिच्या कडेनं मशीन चालव. पातं प्लायच्या खाली चार-पाच मिलिमीटरच जाईल एवढं ठेव. लाकूड स्थिर, यंत्र फिरतंय, दोन्ही हात मुठींवर. आठ बाय चारचा अख्खा प्लाय तुझ्या त्या टेबलावर एकट्याला सांभाळणार तरी होता का?

टेबल सॉवर हातमोजे घालावेत का? (आयटीआयचा विद्यार्थी, कराड)

नाही. दाताला धागा सापडला की मोजा आत जातो आणि मोज्यात हात असतो. अंगठी, कडं, मनगटातला गंडा, लोंबती बाही, सगळं बाहेर. चष्मा आणि कानांत बोळे मात्र हवेत.

मी विश्रामबाग, सांगली इथे घरीच छोटे देव्हारे करून विकते. मला ८ मिलिमीटरच्या पट्ट्या लागतात. फेन्स इतका जवळ आणला की झाकण मध्ये येतं, म्हणून मिस्त्री ते काढूनच टाका म्हणाले. बरोबर आहे का?

ताई, मिस्त्रींचं अर्धं बरोबर. ८ मिलिमीटरवर झाकण खरंच अडतं. पण पात्यामागची पोलादी पट्टी काढायचं काहीच कारण नाही, ती राहू द्या. त्याहून चांगलं म्हणजे पद्धतच बदला. ८ मिलिमीटरची पट्टी फेन्स आणि पात्याच्या मधे कापूच नका, ती पात्याच्या बाहेरच्या बाजूला पडू दे. रुंद फळी फेन्सला, अरुंद पट्टी मोकळ्या बाजूला. मधे अडकलेली बारीक पट्टी बाणासारखी मागे येते. मोकळी पडलेली नुसती पडते. प्रत्येक कापानंतर फेन्स ८ मिलिमीटर अधिक पात्याची जाडी एवढा आत घ्यावा लागतो. कंटाळवाणं आहे खरं. त्यासाठी पात्याच्या थोडं अलीकडे, बाहेरच्या अंगाला, दातांच्या रेषेपासून ८ मिलिमीटर सोडून एक लाकडी ठोकळा शिकंज्यानं आवळून ठेवा. फळी त्या ठोकळ्याला टेकवायची आणि फेन्स तिच्यामागे आणून घट्ट करायचा. दरवेळी मोजावं लागत नाही आणि झाकणही जागेवर राहतं.

फळी संपत आली की हातानं ढकलू नका. प्लायचा बुटासारखा ठोकळा करा, मागे टाच असलेला, वर रंध्यासारखी मूठ. तो पात्यानं थोडा थोडा खाल्ला जाणार, दुसरा करायचा. आणि पडलेली पट्टी पातं पूर्ण थांबल्याशिवाय उचलायची नाही. माझ्या डाव्या तर्जनीचं नख वाकडं उगवतं ते ह्याचमुळे. स्विच बंद केला होता, आवाज उतरत आला होता, आणि मी हात घातला.

आमच्याकडे जावळीत लाईट सारखी ये-जा करते. मशीनला काही होईल का?

मशीनचं राहू द्या, तुमचं बघा. लाईट गेली, तुम्ही चहाला गेलात, परत येऊन अडकलेली फळी ओढायला हात घातला आणि लाईट आली, तर? साध्या स्विचचं मशीन तिथल्या तिथे सुरू होतं. म्हणून नो-व्होल्ट रिलीज स्विच बघून घ्या, लाईट गेली की बंद पडतो आणि पुन्हा दाबेपर्यंत बंदच राहतो. दुकानात मशीन चालू असताना भिंतीवरून पिन काढायला सांगा, परत लावायला सांगा. आपोआप सुरू झालं तर तो स्विच नाही. १८०० वॅटचं मशीन ८ अँपिअरच्या घरात जातं, तेव्हा ६ अँपिअरच्या पॉइंटवर आणि दिवाळीच्या माळेच्या वायरवर चालवू नका. १६ अँपिअरचा पॉइंट, अडीच चौरस मिलिमीटरची वायर, अर्थिंग, आणि करंट गळला की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी.

सांगलीतच एक जण वर्कशॉप बंद करतोय. झाकण, पट्टी सगळं असलेला टेबल सॉ स्टँडसकट दहा हजारांना देतोय. २०१९ च्या पुरात भिजला होता, पण चालू आहे म्हणतो. घेऊ?

त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा नुसता भिजला नसेल, गाळात बसला असेल. कृष्णेचा गाळ पिठासारखा बारीक असतो, बेअरिंगमधून निघत नाही. पट्टा किंवा पिन काढून पातं हातानं फिरवा. खरखर लागली तर समजायचं. उंचीचं चाक खालपासून वरपर्यंत फिरवा. मधे अडलं तर स्क्रू गंजलाय, आणि तिरकं करायची यंत्रणाही तशीच असणार. मग रिवाइंडिंगवाल्याला मेगर (मोटरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) घेऊन बोलवा, शेदोनशे रुपये घेईल. दोन मेगओमच्या खाली आकडा आला तर मोटरच्या अंगात करंट उतरायची भीती आहे.

एवढं सगळं करून ठीक निघाला तरी मी पाच हजारांच्या वर जाणार नाही. गाळात बसलेल्या मशीनचा स्विच कधी दगा देईल ते सांगता येत नाही, तो नवाच घालावा लागेल. स्टँड वेगळा देत असेल तर मात्र तेवढा लगेच उचला, लोखंड घासून रंगवलं की झालं.