चटणी, कालवण की सॉस?

विलेपार्ल्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: त्यांच्या भाचीचं अंधेरीत छोटं खानपानगृह आहे, मेनूकार्ड मराठीतही करायचं आहे. त्यात 'पीनट सॉस' तीनदा येतो, एकदा पनीर सातेबरोबर (साते म्हणजे काडीला टोचून भाजलेले तुकडे), एकदा गाडो-गाडोवर आणि एकदा पश्चिम आफ्रिकेच्या माफे नावाच्या चिकनमध्ये. 'शेंगदाणा सॉस' लिहिलं तर भाचीला ते ओढूनताणून केलेलं वाटतं. 'शेंगदाण्याची चटणी' लिहिलं तर सासूबाई म्हणतात, ही तर आपली भाकरीबरोबरची सुकी चटणी. मग एकच बरोबर शब्द कोणता?

ताई, एकच शब्द शोधताय तिथेच घोटाळा आहे. पदार्थ एक नाही, तीन आहेत. इंग्रजीने त्यांना एका नावाखाली कोंबलंय, मराठीला तशी सक्ती नाही.

आधी 'सॉस'बद्दल. हा शब्द लॅटिनमधल्या 'खारवलेलं' अशा अर्थाच्या शब्दावरून आला. स्पॅनिश 'साल्सा' त्याचंच भावंड. मुंबईत मात्र सॉस म्हणजे आधी लाल टोमॅटोचा, मग चायनीजच्या गाडीवरचे हिरवा नि काळा. म्हणजे बाटलीतून येतो तो सॉस. शेंगदाण्याचं काही बाटलीतून येतं हे आपल्या कानाला पटत नाही, म्हणून 'शेंगदाणा सॉस' उपरा वाटतो. चूक नाही, उपरा.

आपल्याकडे नाव ठरतं ते दाण्याचं काय केलं आणि ते ताटात कुठे बसलं यावरून. कोरडं भरड कुटलं की कूट. (दाण्याचं कूट की दाण्याचा कूट? दोन्ही ऐकू येतं. आमच्या घरी ते नपुंसकलिंगी आहे, शेजारच्या घरी पुल्लिंगी, आणि दोन्हीकडची साबुदाण्याची खिचडी चांगली होते.) तिखट-लसूण घालून तेल सुटेपर्यंत कुटलं की सोलापूरकडची शेंगाचटणी. पाणी घालून वाटलं की वाटण. तेच उकळलं की उपासाची दाण्याची आमटी, वरीच्या भातावर ओतायची. सोलापूर-मराठवाड्याकडे कांदा-लसणीच्या फोडणीचा 'म्हाद्या' असतो, तो तर शेंगदाण्याचा दाट रस्साच. आणि या सगळ्यांच्या वर दोन जुने शब्द आहेत, 'तोंडीलावणं' आणि 'कालवण'. पहिलं बाजूला राहतं, दुसऱ्यात भात कालवला जातो. तुमच्या तीन पदार्थांना हीच फूटपट्टी लावा.

इंडोनेशियात साते ज्याच्याशी खातात त्याला 'बुंबू काचांग' म्हणतात. बुंबू म्हणजे मसाल्याचं वाटण, अगदी आपल्या अर्थाने. काचांग म्हणजे शेंगेतला दाणा, कडधान्य. शेंगदाणा म्हणजे 'काचांग तानाह', जमिनीतला काचांग, आणि मूग म्हणजे 'काचांग हिजाउ', हिरवा काचांग. आता आपला 'भुईमूग' आठवा: भुईतला मूग! कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे रोप दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी पाहिलं आणि घरच्या मुगाशेजारी त्याला जागा दिली. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेनेही तेच केलं, फक्त तिच्या घरी कोको होता, म्हणून तिथे शेंगदाणा 'भुईतला कोको' झाला. बंगाली माणूस त्याला 'चिनेबादाम' म्हणतो, इंग्रज 'नट' म्हणतो. दोघेही सुक्यामेव्याच्या नादाला लागले. आपण मात्र त्याला मुगाच्या कुळात घातलं आणि वनस्पतिशास्त्रातही तो तिथलाच निघाला. फूल येतं वर, मग आऱ्या, म्हणजे फुलाच्या बुडातून निघणारे देठ, सुटून जमिनीत शिरतात आणि शेंग आत धरते. 'आऱ्या' हा शब्द शेतावर अजून चालतो, मुंबईत आपण तो विसरलो. इथे लोकलमध्ये गुजरातीची 'सिंग' विकली जाते आणि गिऱ्हाईक 'खारे दाणे' मागतं.

तर सातेबरोबर वाटीत येतं ते तोंडीलावणं, आणि ओलं, पातळसर, बुडवून खायचं तोंडीलावणं म्हणजे चटणीच. इडलीची चटणी ओली असू शकते, तर सातेची का नको? सासूबाईंचा आक्षेप एका विशेषणाने मिटतो: 'शेंगदाण्याची ओली चटणी'.

गाडो-गाडो मला सगळ्यात आवडतं, कारण तिथे मराठीत आयता शब्द आहे. उकडलेल्या भाज्या, टोफू, अंडं आणि वर शेंगदाण्याचं वाटण. नावातली द्विरुक्ती मिसळामिसळीचीच आहे, इतकी की दोन भाषांची सरमिसळ करून बोललं की इंडोनेशियात त्याला 'गाडो-गाडो भाषा' म्हणतात. आपण खिचडी म्हणतो. आता दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर डोळ्यांसमोर आणा. भाज्या, दाणे, आंबट, किंचित गोड: नातं लगेच कळेल. कार्डावर 'शेंगदाण्याचं वाटण लावलेली उकडलेल्या भाज्यांची कोशिंबीर' लिहा. लांब आहे, पण वाचणाऱ्याला पदार्थ दिसतो.

माफेला चटणी म्हणालात तर मात्र चूक. मालीच्या बंबारा भाषेत त्याचं एक नाव 'तिगादेगेना' आहे: तिगा म्हणजे शेंगदाणा, देगे म्हणजे लगदा, ना म्हणजे भाताबरोबर घ्यायचं पातळ. हा 'ना' म्हणजे आपलं कालवण, दुसरं काय! मांस त्यातच शिजतं. फिलिपिन्सचं कारे-कारेही या कुळातलं. आणि रीतही आमटीचीच, भाचीच्या आचाऱ्याला विचारा: शेंगदाण्याच्या लगद्यात थोडं पाणी घातलं की तो आधी आवळतो, घट्ट होतो, आणि आणखी घातलं की सैल पडतो. दाण्याची आमटी करणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. म्हणून 'शेंगदाण्याच्या कालवणातलं चिकन', किंवा मुंबईत जास्त चालणारं, 'शेंगदाण्याच्या रश्शातलं चिकन'.

डच लोक बटाट्याच्या तळलेल्या कापांवरही इंडोनेशियन वळणाचं हे वाटण घालतात. त्यांच्याकडे शेंगदाण्याला 'पिंडा' म्हणतात आणि या सॉसला 'पिंडासाउस'. डच पदार्थ कार्डावर आलाच तर हा शब्द जसाच्या तसा घेऊ नका, अर्धं गिऱ्हाईक कावळ्याची वाट बघत बसेल.

आता 'शेंगदाण्याची चटणी' की 'शेंगदाणा चटणी'? सामान्यरूपाशिवायचं दुसरं रूप पाकिटांवरून आलं म्हणून काहीजण नाक मुरडतात. पण कांदाभजी आणि कोथिंबीरवडी आपण कधीपासून म्हणतोय. कार्डावर जागा कमी असेल तर बिनधास्त 'शेंगदाणा चटणी' लिहा. 'दाणा चटणी' मात्र नको. घरात 'दाणे भाज' म्हटलं की शेंगदाणेच भाजले जातात, पण कार्ड अंधेरीत वाचलं जाणार, आणि घराबाहेर दाणा ज्वारीचाही असतो, डाळिंबाचाही. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेलं एखादं गिऱ्हाईक असतंच. त्याला 'वाटण', 'रस्सा' या शब्दांनी काहीच कळणार नाही, म्हणून तिन्ही ओळींत 'शेंगदाणा' पूर्ण लिहा, अक्षर बारीक न करता.