वाकड्या फांदीचे धनुष्य

प्रश्न : मुळशीकडील शेतातून आणलेली धामणीची वाळलेली फांदी नागमोडी असून तिला एक गाठही आहे. धनुष्यासाठी ती तासून सरळ करावी का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : कृपया तसे करू नका, धामणीचे लाकूड चिवट व लवचीक असते, ते वाया जाईल. लाकडाचे तंतू फांदीच्या वळणाबरोबर धावतात, आणि सरळ रेषेत तासल्यास ते पाठीवर, म्हणजे लक्ष्याकडील ताणल्या जाणाऱ्या बाजूवर, कापले जाऊन धनुष्य तिथेच मोडते. म्हणून साल काढल्यावर पाठ अखंड ठेवा, कडा तंतूंच्या वळणानेच आखा, गाठीपाशी रुंदी थोडी अधिक राखा आणि जाडी केवळ पोटाकडून, म्हणजे धनुर्धराकडील बाजूने, दोन्ही भुजा (मुठीच्या दोन बाजूंचे भाग) सारख्या वाकतात का हे वारंवार पाहत, कमी करा. दोन्ही टोकांना बांधलेला दोरा मुठीवरून जात नसेल, तरच ते वळण वाफवून, साच्यात बांधून सुधारावे.