किलकेनीतल्या दोन रिकाम्या खोल्या: पर्यटक ठेवायचे की भाडेकरू?

आयर्लंडमधल्या किलकेनी शहरातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या तिथल्या रुग्णालयात परिचारिका आहेत, यजमान आयटीत असून घरूनच काम करतात. तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेल्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. त्यांना स्वतंत्र न्हाणीघरं जोडून, अग्निसुरक्षेची सोय करून 'बेड अँड ब्रेकफास्ट' सुरू करायचा विचार आहे. खर्च ३४ हजार युरो. त्यासाठी पुण्याच्या बँकेतली ३५ लाखांची मुदत ठेव मोडायची. त्यांचा हिशेब असा: खोलीमागे रात्रीचे ११० युरो, वर्षाला २०० रात्री, दोन खोल्या, म्हणजे ४४ हजार युरो. व्यवसाय यजमानांच्या नावावर. पुढे जमल्यास हाय स्ट्रीटजवळ पर्यटकांसाठी एखादा फ्लॅट.

ताई, सुरुवात यजमानांच्या नावापासून करते, कारण सगळं तिथेच अडतं. तिथल्या राहण्याच्या परवान्यांपैकी तुमच्याकडे स्टॅम्प ४ आहे, त्यांच्याकडे स्टॅम्प १जी. स्टॅम्प १जीवर नोकरी करता येते, स्वतःचा व्यवसाय करता येत नाही. पाहुण्यांना नाश्त्यासह खोली देणं हा व्यवसायच आहे. म्हणजे तो तुमच्या नावावर करावा लागेल आणि तुम्ही पाळीची नोकरी करता. सकाळचा नाश्ता, चादरी, रात्री अकराला दारात उभे राहणारे पाहुणे हे सगळं यजमान सांभाळतील असं तुम्ही धरलं आहे. त्यांनी घरच्या घरी किती मदत केलेली चालेल, हे पैसे खर्च करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. परवान्याशी कधीही खेळू नका. त्यावर तुमचं तिथलं सगळं आयुष्य उभं आहे.

आता २०० रात्रींचं पाहू. किलकेनीत लोक का येतात आणि कधी येतात? सेंट कॅनिस कॅथेड्रल आणि त्याशेजारचा नवव्या शतकातला गोल मनोरा पाहायचा, तिथून जुन्या गल्ल्यांमधून, रोथ हाऊसवरून नोर नदीकाठच्या किल्ल्यापर्यंत चालत यायचं. हा 'मिडीव्हल माइल' एका दिवसात आरामात होतो. डब्लिनहून रेल्वेने दीड तास लागतो, त्यामुळे पुष्कळ लोक सकाळी येऊन संध्याकाळी परततात. ते किल्ल्यात पैसे खर्च करतात, जेवतात, पण त्यांना खोली लागत नाही. रात्रीची गर्दी शुक्रवार-शनिवारची: लग्नाआधीच्या मित्रमैत्रिणींच्या टोळ्या, जूनच्या सुट्टीतला 'कॅट लाफ्स' विनोदी महोत्सव, ऑगस्टमधला कला महोत्सव, नोव्हेंबरमधला 'किलकेनॉमिक्स'. अर्थशास्त्रज्ञ आणि विनोदवीर एकाच मंचावर येतात तो हा महोत्सव, मला फार आवडतो. शनिवार-रविवार साजरा करायला आलेल्या टोळ्यांना पबमधून चालत परत येता येईल अशी जागा हवी असते. तुमचं घर गाडीने दहा मिनिटांवर आहे.

एक प्रयोग करा. फेब्रुवारीतला एखादा मंगळवार आणि जूनच्या सुट्टीतला शनिवार, या दोन तारखांना लँग्टन्स, ऑर्मंड आणि बटलर हाऊस या तीन ठिकाणचे दर बघा. बटलर हाऊस हे किल्ल्यातल्या विधवा सरदारणींसाठी बांधलेलं घर, आज तिथे पाहुणे राहतात. मधल्या वारी ही मंडळी दर किती उतरवतात ते डोळ्यांनी दिसेल. त्या उतरलेल्या दराशी तुमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीची स्पर्धा आहे.

माझ्या मते दोन्ही खोल्या वर्षाला ११० रात्री भरल्या तरी चांगलं. सरासरी ९५ युरो धरले तर २०,९०० युरो येतात. बुकिंग संकेतस्थळाचं कमिशन १५ टक्के धरलं तर ३,१३५ गेले. नाश्ता, धुणं, गरम पाणी, साफसफाई मिळून खोलीमागे रात्रीला १८ युरो धरा, म्हणजे ३,९६०. वाढीव विमा आणि किरकोळ १,८००. हातात १२ हजार उरतात. तुम्ही दोघं आधीच ४० टक्क्यांच्या पट्टीत आहात. त्यावर यूएससी (उत्पन्नावरचा अधिभार) आणि पीआरएसआय (सामाजिक विम्याची वर्गणी) धरले की कर निम्म्याच्या जवळ जातो. म्हणजे खरे हाती पडणारे सव्वासहा हजार. या वेगाने ३४ हजार वसूल व्हायला साडेपाच वर्षं लागतील, आणि यात तुमच्या श्रमांचा एक युरोही धरलेला नाही.

आणि समजा, तुमचाच अंदाज खरा ठरला? ४४ हजारांवर आणखी एक गाठ आहे. सेवांसाठी व्हॅट नोंदणीची मर्यादा २०२५ पासून ४२,५०० युरो आहे. ती ओलांडली की मुक्कामाच्या रकमेवर १३.५ टक्के व्हॅट. ११० युरोंतूनच तो द्यायचा म्हटलं तर वर्षाला सव्वापाच हजारांच्या आसपास जातात. कमिशन वजा होण्याआधीची पूर्ण रक्कम मर्यादेत मोजली जाते, हे विसरू नका.

आता तुम्ही पत्रात एका ओळीत उडवून लावलेला पर्याय: घरात एखादा भाडेकरू ठेवणं. आयर्लंडमध्ये 'रेंट-अ-रूम' सवलत आहे. स्वतः राहत्या घरातली खोली दीर्घ मुदतीसाठी दिली तर वर्षाला १४ हजार युरोपर्यंतचं उत्पन्न पूर्ण करमुक्त. अट कडक आहे: मर्यादा एका युरोने ओलांडली तरी सगळीच रक्कम करपात्र होते, आणि जेवण-धुण्याचे घेतलेले पैसेही त्यात मोजतात. दोन खोल्या महिना ५७५ ने दिल्या तर १३,८०० होतात, सुरक्षित. ५९० ने दिल्या तर १४,१६०, आणि सवलत गेली. पर्यटकांच्या अल्प मुक्कामाला ही सवलत नाही, म्हणूनच तुमच्या दोन पर्यायांमधला फरक एवढा मोठा आहे. करमुक्त असली तरी रक्कम विवरणपत्रात दाखवावीच लागते.

मी असते तर एकच खोली ६५० युरोंना दिली असती. वर्षाचे ७,८०० करमुक्त, खर्च एका पलंगाचा आणि टेबलाचा. तुमच्याच रुग्णालयात केरळहून, पुण्याहून नव्याने येणाऱ्या मुली पहिले काही महिने जागेसाठी किती वणवण करतात हे तुम्ही पाहिलं असेल. दुसरी खोली रिकामी ठेवा. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलं आहे की सासू-सासरे दर उन्हाळ्यात तीन महिने येतात. तुमच्या योजनेत ऐन हंगामात ते कुठे झोपणार, हे मला कुठेच सापडलं नाही.

पुण्याच्या ठेवीला हात लावू नका असं मी स्पष्ट सांगते. ती अजून निवासी खात्यातच आहे असं दिसतं. परदेशी स्थायिक झाल्यावर ती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यातली, करून घ्यायला हवी होती, ते काम आधी उरका. एनआरओतून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम नेता येते, मर्यादेची अडचण नाही. अडचण आयर्लंडच्या कराची. तुमचं डोमिसाइल, म्हणजे कायद्याने मानलेलं कायमचं मूळ ठिकाण, भारताचं असेपर्यंत भारतातल्या व्याजावर आयर्लंड कर लावतो तो ते तिथे नेल्यावर. ठेव मोडून एकगठ्ठा नेली तर तिथे गेल्यानंतर साचलेलं व्याजही सोबत जाईल. कधी न्यायचीच झाली तर मुद्दल आणि व्याज वेगवेगळ्या खात्यांत ठेवून मगच न्या.

किलकेनीच्या किल्ल्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. बटलर घराण्याने तो १३९१ मध्ये घेतला, १९३५ मध्ये राहणं सोडलं आणि १९६७ मध्ये अवघ्या ५० पौंडांना शहराच्या हवाली केला. देखभालीचा खर्च काय करू शकतो ते तिथे दिसतं. न्हाणीघरं बांधण्याचे ३४ हजार तुम्ही मोजलेत, दर तीन-चार वर्षांनी लागणारा रंग, गाद्या, बॉयलर मोजले नाहीत.

फ्लॅटचा विचार सोडून द्या. स्वतः राहत नसलेलं घर पर्यटकांना द्यायचं तर नियोजन परवानगी लागते, आणि जून २०२५ मध्ये सगळा देशच भाडे-दबाव क्षेत्रात, म्हणजे भाड्यांवर बंधनं असलेल्या भागात, आला. राहत्या घरातल्या चार खोल्यांपर्यंत नाश्ता-मुक्कामाला नियोजन परवानगीची गरज नाही, ही तुमच्या बाजूची गोष्ट. पण धंद्यासाठीच राखलेल्या खोल्यांपुरती, घर विकताना नफ्यावरच्या ३३ टक्के करातली राहत्या घराची सूट कमी होऊ शकते. भाडेकरू ठेवल्याने ती जात नाही.

तरीही पाहुण्यांची हौस असेल, आणि पत्रातून ती जाणवते, तर स्टॅम्प ४ तुमच्या नावावर आहेच. आधी कर्ज देणाऱ्या बँकेला आणि विमा कंपनीला लेखी कळवा, काउंटी कौन्सिलची नोंदणी विचारून घ्या. मग पुढच्या जून ते ऑगस्ट एकच खोली, आहे त्या न्हाणीघरासह, फक्त शनिवार-रविवारसाठी ठेवून पाहा, सासू-सासरे त्या वर्षी येणार नसतील तर. किती रात्री भरल्या, किती वेळ गेला, दोन्ही वहीत लिहा आणि सप्टेंबरमध्ये ती वही मला पाठवा.