स्पिटफायरपेक्षा महाग पडलेली पॉलिसी

गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत टूलरूम सांभाळणारे वाचक लिहितात: वय 53, हातात 78 हजार येतात, 58 ला निवृत्ती. मामांची 1966 ची ट्रायम्फ स्पिटफायर ही जुनी इंग्लिश गाडी कोल्हापूरच्या शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळच्या शेडमध्ये वीस वर्षं उभी आहे. ती घरीच दुरुस्त करून चालती करायची आहे, खर्च अंदाजे 6 लाख. पर्सनल लोन काढू, की बँकेतली दुसरी एफडी मोडू? ‘ही एफडी मार्च 2023 ची. दरवर्षी 2 लाख भरतो, तीन झाले, सात राहिले. वर 20 लाखांचा विमा फुकट आहे.’

दरवर्षी पैसे मागणारी आणि वर विमा देणारी एफडी कुठल्याच बँकेत नसते. तुमच्याकडे आहे ती विमा पॉलिसी. मार्च म्हणजे बँकेत विमा खपवायच्या टार्गेटचा महिना, आणि समोर एफडी संपलेला ग्राहक बसलेला. काय झालं असेल ते सांगायला ज्योतिषी नको.

पत्रासोबतच्या कागदावर लिहिलंय: दहा वर्षांत 20 लाख भरायचे, 2043 मध्ये 36 लाख मिळायचे. बँकेतल्या साहेबांनी 16 लाखांचा फायदा 20 लाखांवर 80 टक्के दाखवला, त्याला दहानं भागलं आणि ‘आठ टक्के’ म्हणून तुमच्या हातात ठेवला. पण पैसा दहा वर्षं अडकत नाही. पहिला हप्ता वीस वर्षं आणि शेवटचा अकरा वर्षं, सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. एवढ्या काळात एकाचे 1.8 होणं म्हणजे वर्षाला चार टक्क्यांच्याही आत. तुमच्याच पगारातून कापल्या जाणाऱ्या पीएफवर 2024-25 ला 8.25 टक्के मिळाले.

त्याहून वाईट तारखा आहेत. पगार 2030 ला थांबणार आणि हप्ते 2032 पर्यंत. शेवटचे दोन हप्ते, म्हणजे 4 लाख, निवृत्तीनंतर कुठून भरणार? पैसे हाती येतील तेव्हा वय असेल 71.

तेव्हा मार्च 2026 चा हप्ता भरू नका. तीन हप्ते भरलेत, पॉलिसी पेड-अप होईल, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि कमी रकमेवर पॉलिसी चालू. पॉलिसी घेतली त्या वेळच्या नियमांप्रमाणे तिसऱ्या वर्षात सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर भरलेल्या रकमेच्या किमान 35 टक्के, म्हणजे 2 लाख 10 हजार. चौथं वर्ष लागलं की किमान 50 टक्के, 3 लाख. म्हणून आज मोडायची घाई नको. चौथ्या वर्षात सरेंडर केल्यास काय आणि पेड-अप ठेवून 2043 ला काय, हे दोन आकडे कंपनीकडून लेखी घ्या आणि मग ठरवा. 6 लाख भरून 3 लाख घेणं जिवावर येईल, मान्य. पण आणखी 14 लाख घालून ते भरून निघत नाहीत.

एफडी सांगून विकली अशी लेखी तक्रार आधी विमा कंपनीकडे करा, मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे. फी नाही, वकील लागत नाही. पॉलिसी विकताना कंपनी खात्रीसाठी फोन करते, त्यावर तुम्ही ‘हो हो’ म्हणाला असाल, ते रेकॉर्डिंग मात्र कंपनी काढेल. फार आशा धरू नका, पण तक्रार कराच.

आता गाडी. ‘तयार झाली की 20 लाखांना जाईल’ हे वाक्य वहीतून खोडा. नाद म्हणून करा. गुंतवणूक म्हणायची गरज नाही. 6 लाखांचं पर्सनल लोन 13 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंत तर महिन्याला साडेतेरा हजारांवर हप्ता आणि 2 लाखांवर व्याज. नको. वाचलेल्या हप्त्याचे महिना साडेसोळा हजार होतात. त्यातले 10 हजार व्हीपीएफला, म्हणजे पगारातून स्वतःहून जादा कापून घ्यायच्या पीएफला लावा, 2030 पर्यंत साडेसहा लाखांच्या घरात जातील. बाकीचे गाडीला.

अशा कामाला कोल्हापूर चांगलं. बोअरिंग, बुशा, लेथकाम उद्यमनगरात होतं, आणि तुमचा हात त्यातलाच. स्पिटफायर ट्रायम्फ हेराल्डवरच बेतलेली, आणि हेराल्ड मद्रासला बनायची, त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनचं सामान जुन्या बाजारात शोधता येईल. काच-दरवाज्यांची रबरं आणि ट्रिम मात्र इंग्लंडहून मागवावी लागेल, शुल्कासकट. पण रुपया घालण्याआधी गालिचे उचला आणि फरशीच्या पत्र्यात, दोन्ही बाजूंच्या सिलमध्ये (दारांखालच्या लांब पत्र्यात) स्क्रूड्रायव्हर घालून बघा. 2019 आणि 2021 च्या पुरात त्या शेडमध्ये पाणी किती होतं, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. सिल गेली असेल तर 6 लाखांचा अंदाज फाडून टाका.

मेकॅनिक म्हणतो तसं मारुतीचं इंजिन टाकू नका. 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी 20 हजारांत दहा वर्षांसाठी मिळते, पण इंजिन, चेसिस, बॉडी मूळची लागते. या नोंदणीवर रोज गोकुळ शिरगावला जाता येणार नाही; रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, एवढंच. आरसी अजून मामांच्या नावावर असेल तर वारसांची संमती आत्ताच घ्या. रंग झाल्यावर मामेभावांना गाडी आठवते.

आणि मार्चचा हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असेल, तर ते मँडेट, म्हणजे बँकेला दिलेली कपातीची परवानगी, फेब्रुवारीतच बंद करा. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. त्याच साहेबांना फोनवर सांगून ते बंद होणार नाही.