तीन वर्षांचा मुलगा दिवसभर बाबाच्या गाडीत बसायचं म्हणतो, चावी मागतो. ही सवय कशी मोडावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा सकाळी उठला की "बाबाची गाडी" म्हणत दाराशी जाऊन उभा राहतो, चावी दिली नाही तर लोळून रडतो, आणि सासूबाई म्हणतात बसू द्या, उभ्या गाडीत काय होते त्याला. मी आधी त्या शेवटच्या वाक्यावरच बोलतो, कारण आमच्या घरीही हेच वाक्य रोज बोललं जायचं आणि बोलणारा मीच होतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला, कापूस-तूर करतो, घरी एक सेकंडहँड गाडी आहे. दोन वर्षांपूर्वी नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता, पेरणीचं बियाणं घेऊन दुपारी एकच्या सुमारास घरी आलो, डिक्कीतल्या थैल्या ओसरीत टाकून राहिलो होतो आणि पोरगी, तेव्हा तिला तीन पूर्ण व्हायची होती, पायात घुटमळत चावी मागत होती. दिली मी. रोजच देत होतो. रिमोटचं बटण दाबलं की लाईट लागतात, टुक टुक आवाज येतो, तिला लय मजा यायची. मग मी हातपाय धुवायला आत गेलो, बायको स्वयंपाकघरात होती, मी समजलो ती आजीजवळ आहे आणि आजी समजली ती माझ्याजवळ. ताटं वाढल्यावर विचारलं, पोट्टी कुठं गेली? आधी विहिरीकडं पळालो, गावात लेकरू दिसलं नाही की पाय पहिले विहिरीकडंच जातात. मग कोठ्यात पाहिलं, मग शेजारी. गाडीत पाहायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही कारण गाडी लॉक होती, लॉक लागलेल्या गाडीत कोण असणार. शेवटी शेजारच्या पोराला काचेवर तिचा हात दिसला.

मागच्या सीटवर होती. केस असे ओले की जसं कोणी डोक्यावर गंजभर पाणी ओतलं, चेहरा लालबुंद, रडून रडून आवाज बसलेला. आत जाऊन दार ओढून घेतलं, बटण दाबलं, गाडी लॉक झाली, मग चावी हातातून सुटून सीटखाली गेली. मी बाहेरून ओरडून राहिलो हँडल ओढ, हँडल ओढ, आणि ती बिचारी ओढतही होती, पण मागच्या दोन्ही दारांना चाईल्ड लॉक मीच लावून ठेवलेलं होतं, चालत्या गाडीत तिनं दार उघडू नये म्हणून. हे नीट समजून घ्या ताई, मलाही त्या दिवशीपर्यंत याचा अर्थ पूर्ण कळला नव्हता. चाईल्ड लॉक लावलं की मागचं दार आतून उघडतच नाही, कितीही ओढा, ते फक्त बाहेरून उघडतं. आणि बाहेरून तर रिमोटचं लॉक लागलेलं. दुसरी चावी घरात कुठं ठेवली ते आठवेना. कोठ्यातून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली आणि ती जिकडं बसली होती त्याच्या उलट बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर हाणली. बाजूची काच फुटली की ज्वारीच्या दाण्यांसारखे बारीक तुकडे होतात. समोरच्या काचेवर वेळ घालवू नका, ती तडकते पण मधल्या प्लास्टिकच्या थरामुळं जागची हलत नाही.

सगळं मिळून पंधरा मिनिटं, फार तर वीस. गाडी निंबाखाली होती, अर्धी सावलीत. दुपट्टा ओला करून अंगभर फिरवला, कूलरसमोर धरलं, शुद्धीवर होती म्हणून घोट घोट पाणी पाजलं आणि तसंच ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी ओआरएस सुरू केलं, संध्याकाळपर्यंत समोर बसवून ठेवलं, मग घरी पाठवलं. पोरगी वाचली. पण जून २०२३ मध्ये नागपुरात पाचपावली भागात तीन लहान लेकरं, चार ते सहा वर्षांची, घराजवळ उभ्या असलेल्या गाडीत मेलेली सापडली होती, ती बातमी मी तेव्हा वाचली होती, हळहळलो होतो, आणि तरी आपल्या घरी काही बदललं नव्हतं. म्हणून एवढं लांबवून सांगून राहिलो.

बंद गाडी उन्हात किती लवकर तापते याचा आपल्याला अंदाजच नसतो. पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान दहाएक अंशांनी चढतं, आणि जेवढं चढायचं त्यातलं बरंचसं पहिल्या अर्ध्या तासातच चढून जातं. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४४-४५ असते, मग आत काय होत असेल ते सांगायची गरज नाही. त्यात लहान लेकराचं अंग आपल्यापेक्षा तीन ते पाच पट लवकर तापतं, आणि अंगातलं तापमान ४० च्या वर गेलं की उष्माघात. काच दोन बोटं खाली ठेवली तर फारसा फरक पडत नाही. हिवाळ्यात चालते असंही समजू नका, बाहेर २२-२३ असलं तरी उन्हात उभी असलेली बंद गाडी तासाभरात ४० च्या वर जाऊ शकते. सावलीचा तर भरवसाच नाही, सकाळी दहाला निंबाची सावली गाडीवर असते आणि बाराला शेजाऱ्याच्या भिंतीवर.

आता तुमच्या प्रश्नावर येतो. सवय मोडू नका. खरंच सांगतो, मोडायला जाल तर तो तुमच्या नजरेआड जाऊन बसेल, आणि धोका तिथंच आहे. त्याचं गाडीवरचं प्रेम काही वाईट नाही हो, बाबा ज्या वस्तूला हात लावून एवढा मोठा होतो त्या वस्तूला त्यालाही हात लावायचा असतो. बैलजोडी होती तेव्हा आम्हीही कासऱ्यासाठी असंच रडत होतो. फक्त एकच गोष्ट पक्की करा: गाडीत बसायचं ते मोठ्या माणसासोबतच, आणि चावी त्याच्या हातात कधीच नाही, एक मिनिटही नाही, रडला तरी नाही. आमच्याकडं आता चावी देव्हाऱ्याच्या वरच्या खिळ्याला असते, दुसरी आजीच्या पेटीत, आणि घरातल्या प्रत्येकाला ते पाठ आहे. बिनचावीची, बटणावर सुरू होणारी गाडी असेल तर तो रिमोट खिशात ठेवून तुम्ही गाडीजवळ उभे असला तरी दार उघडू शकतं, म्हणून तो गाडीपासून दूर घरातच ठेवायचा. आणि गाडी अंगणात असली, फाटक बंद असलं, तरी उतरलं की लॉक करायचीच, डिक्कीसुद्धा. गावात आपण करत नाही, कोण नेते म्हणून. चोरासाठी नाही, लेकरासाठी करायचं. घरामागं एखादी बंद पडलेली जुनी गाडी उभी असेल तर तिच्यावर दुप्पट लक्ष ठेवा, तिकडं कोणी फिरकत नाही आणि पोट्ट्यांना तीच लपायला आवडते.

चावीचं अजून एक. आपल्याकडं बरेच जण गाडी गिअरमध्ये टाकून उभी करतात, उतार असला तर ते बरोबरही आहे, पण जुन्या गाड्यांमध्ये क्लच न दाबता चावी फिरवली तरी स्टार्टर फिरतो आणि गाडी जागेवरून उडी मारते. समोर आजी तांदूळ निवडत बसलेली असली तर? आणि चावी नसली तरी हँडब्रेक खाली करता येतो, गिअरचा दांडा हलवता येतो, तीन वर्षांच्या हाताला ते जमतं, मी पाहिलंय. म्हणून उतारावर चाकाला गोटा लावा, ट्रॉलीला लावतो तसाच. काच वर-खाली करायचं बटणही धोक्याचं आहे. बऱ्याच गाड्यांत अडथळा लागला की काच परत खाली जायची सोय नसते, असली तर फक्त ड्रायव्हरच्या बाजूला, आणि डोकं बाहेर काढून बसलेल्या लेकराचा गुडघा त्या बटणावर पडायला कितीसा वेळ लागतो. ड्रायव्हरच्या दारावर बाकीच्या काचांची बटणं बंद करून टाकायचं एक बटण असते, ते दाबलेलंच ठेवा.

रिव्हर्सबद्दल मी जरा कडकच बोलतो. बाबा निघाला की लेकरू टाटा करायला मागं धावतं, हे प्रत्येक घरात होते. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारला मागचे सेन्सर कायद्यानंच असतात, पण आमच्यासारख्यांच्या जुन्या गाड्यांना ते नाहीत, आणि असले तरी बुटकं लेकरू धावत असेल किंवा बंपरला चिकटून बसलं असेल तर त्यांच्या भरवशावर राहू नका. आरशात तर ते दिसतच नाही. आमचा नियम असा आहे की पोरगी कोणाच्या तरी कडेवर आहे हे मला डोळ्यानं दिसल्याशिवाय मी चावी फिरवत नाही, आणि बसायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारतो. ट्रॅक्टरलाही हेच, आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर लेकरू बसवणं तर बंदच करा, कितीही हळू चालवा.

मांडीवर घेऊन "स्टेअरिंग धर" म्हणणं, हेही सोडा. मला माहीत आहे की वाईट वाटते, शेताच्या रस्त्यावर पाच किलोमीटरच्या स्पीडनं कोणाला काय होते असं वाटते. पण धडक बसली की लेकरू तुमच्या आणि स्टेअरिंगच्या मधात असते आणि एअरबॅग असेल तर ती डोळ्याची पापणी लवायच्या आत थेट त्याच्यावरच फुटते. लेकराची जागा मागच्या सीटवर, आणि तीन वर्षांच्याला चाईल्ड सीट लागते, आपला बेल्ट त्याच्या गळ्यावर येतो. आम्ही ती घेतली तेव्हा गावातले हसले, हसू द्या. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा बदलला तेव्हापासून १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा अशा सीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंडही आहे.

आणि रिमोटमधला तो चपटा सेल. रुपयाच्या नाण्यासारखा दिसतो, आणि पडून पडून रिमोटचं झाकण सैल झालेलं असते. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून भाजायला लागतं. तसा नुसता संशय जरी आला तरी उलटी करवू नका, केळं-भाकर चारू नका, एक्स-रे असलेल्या दवाखान्यात सरळ न्या.

शिकवायचं काय, तर दोनच गोष्टी आम्ही पोरीला शिकवल्या, खेळ म्हणून. एक, आत अडकली तर पुढच्या सीटवर यायचं आणि पुढचं दार आतून ओढायचं, कारण चाईल्ड लॉक फक्त मागच्या दारांना असते, आणि बऱ्याच गाड्यांत पुढचं दार लॉक असलं तरी आतलं हँडल ओढलं की उघडतं, एकदा ओढून नाही तर दोनदा. तुमच्या गाडीत कसं उघडते ते आजच स्वतः आत बसून पाहा. दुसरं, हॉर्न. बऱ्याच गाड्यांत चावी नसतानाही हॉर्न वाजतो, दोन्ही हातांनी दाबत राहायचं, कोणी रागावणार नाही. हे तिला येते म्हणून आम्ही निश्चिंत झालो असं मात्र नाही, घाबरलेल्या लेकराला काहीच आठवत नाही. आणि कधी घरात लेकरू दिसलं नाहीच तर विहिरीकडं एक जण पळा आणि गाडीकडं दुसरा, त्याच मिनिटाला. आत असलं आणि दार उघडत नसलं तर चावी शोधत बसू नका, मेकॅनिकला फोन लावत बसू नका, काच फोडा, आणि सोबतच १०८ लावा.

रोजचं रडणं थांबवायला आमच्याकडं जे चाललं ते सांगतो. संध्याकाळी ऊन उतरलं की दहा मिनिटं गाडी तिची. मी शेजारच्या सीटवर, दारं उघडी, चावी माझ्या खिशात. ती वायपरचा दांडा हलवते, आरशात तोंड पाहते, फडक्यानं डॅशबोर्ड पुसते, ते काम तिला लय महत्त्वाचं वाटते. दिवसभर मागितलं की "दिवे लागायच्या वेळी" एवढंच उत्तर, घरातले सगळे तेच उत्तर देतात. पहिले आठ-दहा दिवस रडली, मग दिवे लागणीची वाट पाहायला लागली. एका जरी माणसानं मधात चावी हातात दिली की सगळं परत पहिल्यापासून, म्हणून सासूबाईंना आधी पटवा, त्यांना हे उत्तर वाचून दाखवा वाटल्यास.

तुम्ही विचारलंय की बॅटरीवाली खेळण्यातली गाडी घेऊन देऊ का. देऊ शकता, पण आमची पोरगी माझ्या साळ्यानं आणलेल्या तशा गाडीत दोन दिवस बसली आणि परत खऱ्या गाडीकडं गेली. तिला खरी गाडीच पाहिजे होती. मग भंगारवाल्याकडून जुन्या गाडीचं एक स्टेअरिंग आणलं, सुताराकडून पाटावर ठोकून घेतलं, फिरते असं, आणि तो पाट ओसरीवर ठेवला. आता आजी मागं बसते, ती पुढं बसते, आणि दिवसातून चार वेळा दोघी यवतमाळला जाऊन येतात. तसं करणार असाल तर खिळ्यांची टोकं मागून वाकवून घ्या, आणि स्टेअरिंगमध्ये जुनी एअरबॅग असेल तर ते आणूच नका, मधात साधा हॉर्नचा पत्राच असलेलं बघून घ्या.